भोकावरची लाल टिकली

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायला हवं, नाहीतर राहूनच जाईल! आता पावाचं पाकीट उघडलं तर बुरशीचा तोच कुबट वास आला, आणि मी एकदम नव्वदच्या दशकातल्या पनवेलमध्ये, आमच्या तबेल्यात. पप्पांचा टांगा होता, घोडी एकच. पावसात गवत सडतं म्हणून काकाने एका डेअरीत बघितलेली युक्ती केली. अर्धवट वाळलेलं गवत जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत दाबून भरलं, हवा काढली, तोंडं घट्ट बांधली. उघडलं की मस्त आंबटगोड वास यायचा, घोडी फडशा पाडायची. एके दिवशी मात्र तिने दोन-चार घास खाऊन तोंड फिरवलं. "नखरे बग महारानीचे," आई म्हणाली. थोड्या वेळाने घोडी पाय आपटत सारखी पोटाकडे बघायला लागली. पप्पांनी पिशवी उलटी केली, तर उंदराने पाडलेलं भोक, त्यावर आईची मोठी लाल टिकली, आणि आत पांढरी बुरशी! "अगो, भोकाला टिकली लावलीस?" "मंग? हवा जाऊ नाय म्हनून!" गुरांचे डॉक्टर औषध पाजून म्हणाले, पोट अडकलंय, लीद टाकली तर वाचली समजा. पप्पा तिला अंगणात फिरवत राहिले, आई मागे मागे, डोळे शेपटीवर. उन्हं कलली आणि पडली एकदाची लीद! आईने चक्क टाळ्या वाजवल्या. पप्पा म्हणाले, "आता घोडीलाच लाव टिकली." मघाशी पावाची पिशवी उलटी करून मीसुद्धा आधी भोकच शोधलं. तुमच्या घरी कधी लीद पडली म्हणून कुणी टाळ्या वाजवल्यात का? खरं सांगा!