नवसाचं ताट

एस.टी. चेंबूरच्या नाक्यावर थांबली तेव्हा नुकतंच उजाडलं होतं आणि कंडक्टर माझ्या पिशव्यांकडे बघत नाकाला रुमाल लावून उभा होता. दोष माझा नव्हता, जवळ्याचा होता. तांबडे तांदूळ, कुळथाचं पीठ, नाचणी, आमसुलं आणि तळाला फडक्यात गुंडाळलेला सुका जवळा, एवढं सामान घेऊन मी कणकवलीहून निघाले होते. वाटेत कुठेतरी ते फडकं सुटलं आणि मागच्या सीटवरची बाई बहिणीकडे निघालीय हे अख्ख्या गाडीला कळलं.

"मावशी, पुढच्या वेळी ट्रकनं या," कंडक्टर म्हणाला.

"पुढच्या वेळी तूच जेवायला ये," मी म्हटलं आणि उतरले.

गावातल्या मंडळींनी निघताना सांगितलं होतं, मुंबईला जातेयस तर काय काय पाहिलंस ते लिही. लिहिते, पण आधीच सांगून ठेवते की या खेपेला मी समुद्र पाहिला नाही, राणीचा बाग पाहिला नाही, एकही सिनेमा पाहिला नाही. मी पाहिलं ते घाटकोपर आणि थोडंसं अंधेरी, तेही माझ्या बहिणीच्या ताटामागे धावताना.

वसंती माझ्याहून बरीच धाकटी. तिच्या पाठच्या बाळंतपणात आमची आई गेली आणि बाळही गेलं. वसंती तेव्हा नीट चालतही नव्हती. तिला मी पेज भरवून वाढवली, तिचं लग्न लावून दिलं, आणि ती दत्तारामभावजींबरोबर घाटकोपरला आली. भावजी मुलुंडच्या एका कारखान्यात भट्टीवर कामाला आहेत. माणूस सज्जन, बोलणं कमी. दोनदा वसंतीला दिवस राहिले आणि दोनदा सगळं मध्येच संपलं. आता तिसऱ्यांदा सहावा महिना चालू होता. होळीला गावी आलेल्या एका चाकरमान्याबरोबर भावजींनी निरोप पाठवला, "आक्का, येऊन जावा. ती खात नाय." एवढाच निरोप, पण माझी झोप उडाली.

चेंबूरहून रिक्षा केली. आकाशात कारखान्याच्या उंच नळीवर जाळ पेटलेला दिसला, दिवसाढवळ्या. रिक्षावाल्याला विचारलं तर म्हणाला, "वो तो रोज का है, मौसी." मुंबईला रोज जळणाऱ्या गोष्टींचं काहीच वाटत नाही असं दिसतं. घाटकोपर जवळ आलं तशा डावीकडे टेकडीवर एकमेकींना धरून उभ्या असलेल्या पत्र्याच्या खोल्या दिसू लागल्या आणि रेल्वेपलीकडे चार-चार मजल्यांच्या इमारती. वसंतीचा ब्लॉक (दोन खोल्यांचं बंद घर, आत मोरी आणि नळ) अशाच एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर.

तिनं दार उघडलं आणि मी पिशव्या उंबऱ्यातच खाली ठेवल्या. धुतलेल्या तांदळासारखा पांढरा चेहरा, मानेच्या शिरा वर आलेल्या, आणि त्या हडकुळ्या अंगावर पुढे आलेलं पोट. मी तिला पाया पडू दिलं नाही. खिडकीशी नेऊन तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत लालीचा पत्ता नव्हता. आईच्या शेवटच्या महिन्यांत आमच्याकडची सुईण असंच बघायची आणि काही न बोलता निघून जायची, ते मला आठवलं. मी घाबरले हे कबूल करते.

"काय खातंस काय गो तू?" मी विचारलं.

"खातंय ना, आक्का."

काय खाते ते दुपारपर्यंत कळलं. सकाळी चहा आणि खारी (पापुद्रे सुटणारं बिस्कीट, पोटात गेल्यावर पत्ता लागत नाही असं). मग पुन्हा चहा. दुपारी एकदा वरणभात, तोही चिमणीएवढा, आणि त्यावर लगेच चहा. संध्याकाळी कोरा चहा. सोमवार, गुरुवार असेल तर वरणभाताच्या जागी साबुदाणा. मासळी नाही, अंडं नाही. मी जवळ्याची चटणी भाजायला घेतली तर ती बाहेरच्या खोलीत जाऊन बसली.

त्या वासानं शेजारच्या हंसाबेन मात्र दारात आल्या. कुटुंब गुजराती, घरात कांदासुद्धा नाही. नाकाला पदर लावून त्या म्हणाल्या, "ए काय करते तू, मावशी?" मी म्हटलं, माझी बहीण काही खात नाही म्हणून करतेय. त्यांनी वसंतीकडे बघितलं, पदर खाली केला आणि थोड्या वेळानं गूळ-तुपाची सुखडी ताटलीत घेऊन आल्या. "ती माझंपण नाय खाते. तू सांग तिला," म्हणाल्या आणि आमचं दार बाहेरून ओढून निघून गेल्या. घाटकोपरमध्ये शेजार कसा असतो याची मला चिंता होती, ती त्या दिवशी गेली.

सुखडीही ताटलीतच राहिली. मग मी भांडायलाच बसले, तेव्हा वसंती बोलली. आदल्या वर्षी जत्रेला ती एकटी देवळात मागे थांबली होती. तिथे रवळनाथासमोर ती नवस बोलली होती.

"पोट राहिलं तर बाळ हातात येईपर्यंत एकभुक्त राहीन, मासळी-अंडं शिवणार नाय, असं देवाक बोललंय मी. दोनदा गेलं, आक्का. ह्यावेळी मोडलं आणि तिसऱ्यांदा गेलं तर मी काय करू?"

हट्ट असता तर मी मोडून काढला असता, लहानपणापासून तेच केलंय. पण ही भीती होती. ज्या बाळासाठी ती उपाशी राहत होती ते बाळही तिच्याबरोबर उपाशी होतं, आणि ती जेवली असती तर तिच्या मते ते बाळ गेलं असतं. आमच्या कोकणातली बाईच असली गाठ मारू शकते.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. दवाखाना स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, खाली फरसाणाचं दुकान, वर बायकांची रांग. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कागद बघितला आणि चष्मा काढला.

"गोळ्या घेतेस ना?"

"घेते."

"मग रक्त का वाढत नाही? बाई गं, बाळ रक्त कुठून आणणार? बाजारातून? ते तुझ्याच अंगातून घेणार. आणि तुझ्याच अंगात नसेल तर? बाळंतपणात थोडंसं रक्त गेलं तरी तुला ते सोसणार नाही. मी घाबरवत नाही, आहे ते सांगते."

मग त्या माझ्याकडे वळल्या. गोळी म्हणजे टेकू, भिंत रोजच्या ताटानंच उभी राहते, असं म्हणाल्या. नाचणी, पालेभाजी, कडधान्य, अंडं, मासे. भाजीवर लिंबू पिळायचं. आणि जेवल्याजेवल्या चहा अजिबात नाही, तो जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही. दोन वेळा पोटभर आणि मधे काहीतरी. त्यांनी सांगितलेलं जवळजवळ सगळंच माझ्या पिशवीतून आलेलं होतं. आपण गावाला रोज जे गरिबाचं म्हणून खातो तेच बाई औषधासारखं सांगत होत्या.

वसंतीनं खाली मान घालून नवसाचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कागद बाजूला सारला. मग वैतागून म्हणाल्या, "मग जा, तुमच्या देवालाच विचारून या!"

त्या रागानं बोलल्या होत्या. पण जिना उतरताना ते वाक्य माझ्या डोक्यात तसंच राहिलं. विचारायची रीत आहे की आमच्याकडे. देवाला गाऱ्हाणं घालायचं (देवापुढे उभं राहून मोठ्यानं म्हणणं मांडायचं, हे तुम्हाला सांगायला नकोच). वसंतीला एस.टी.चे धक्के खात गावी नेणं शक्य नव्हतं. पण आमच्या गावच्या मानकरी घरातले भिकाजीनाना अंधेरीला राहतात. गिरणीत होते, संपानंतर गिरणी सुटली, आता औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन आहेत. मुंबईतल्या गावकऱ्यांच्या पूजेला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचाच.

भावजींच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं निघालो. रिक्षात खड्डे फार बसतात म्हणून बेस्टची बस धरली. असल्फा, साकीनाका, दोन्ही बाजूंना गाळे, लोखंडाच्या सळया, रंगाचे डबे, आणि सगळ्यावर एकच करडी धूळ. कंडक्टर काहीतरी ओरडला, मला वाटलं आपलंच ठिकाण आलं, आणि मी दोघांना ओढत खाली उतरवलं. बस गेली तेव्हा भावजी शांतपणे म्हणाले, "आक्का, अजून बराच लांब असा."

चालायला लागलो. उन्हं चढलेली. थोडं अंतर गेलो असू, वसंतीनं माझा दंड धरला आणि तिचे हात बर्फासारखे गार लागले. एका हार्डवेअरच्या दुकानाच्या पायरीवर ती मटकन बसली. ओठ पांढरे पडले, छाती धपापायला लागली. दुकानदार गल्ला सोडून उठला, पाण्यात साखर ढवळून घेऊन आला. "क्या हुआ, खाया नहीं क्या?" त्यानं विचारलं. त्या परक्या माणसालाही पहिला तोच प्रश्न सुचला. भावजी रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. ते रडत होते हे मला पाठीवरून कळलं. मग मात्र खड्ड्यांचा विचार न करता रिक्षाच केली.

भिकाजीनानांची खोली फाटकाच्या मागच्या चाळीत. मी सगळं सांगितलं. नानांनी ऐकून घेतलं, आंघोळ करून आले, पाटावर तांदळाची मूठ, त्यावर नारळ, शेंडी गावाच्या दिशेला. मग म्हणाले, "नवस असोच सोडून देऊक येणा नाय. पण घरातल्या कोणी तो आपल्या आंगार घेतलो तर देव आयकता. कोण घेता?"

"मी," भावजी म्हणाले.

नानांनी भावजींच्या भाजलेल्या हातांकडे बघितलं. "तू भट्टीवर उभो ऱ्हवतंस. एकभुक्त्यान थंय चक्कर इली म्हणजे?"

"माझ्या अंगावर घाला," मी म्हटलं.

"नाय हां आक्का, तुझं वय काय!" वसंती ओरडली.

"माझ्या पोटात बाळ नाय," मी म्हटलं.

नाना हात जोडून उभे राहिले. फाटकावरच्या वॉचमनचा तो बसका आवाज एकदम देवळातला झाला.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हटलं.

"आज ही तुझी लेकरां पोटासाठी तुझ्यापासून लांब, ह्या मुंबयत ऱ्हवतत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझ्या लेकीन, वसंतीन, एक नवस केल्यान. भियान केल्यान, मायेन केल्यान. आज तिच्या कुडीत दोन जीव आसत. तिचो नवस तिच्या थोरल्या भैणीन आपल्या आंगार घेतल्यान हा, तो मान्य करून घे. काय चुकला-माकला आसात ता पदरात घे, आणि ह्या लेकराक सुखरूप आवशीच्या हातात दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी सगळ्यात मोठा आवाज वसंतीचा होता.

नानांच्या बायकोनं तिथेच पानं वाढली. भात, बांगड्याचं तिखलं, लाल माठाची भाजी. वसंतीचा हात माशापाशी जाऊन थांबला. तिनं नानांकडे बघितलं. नाना फक्त "जेव" म्हणाले. पहिला घास तिनं डोळे मिटून घेतला, नंतरचे मात्र भराभर, मान वर न करता, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसायलाही ती थांबली नाही. एवढ्या महिन्यांची भूक होती ती. मला त्या दिवशी पान वाढलं ते सकाळचं आणि रात्रीचं मिळून एकच.

त्यानंतर मी घाटकोपरला राहिले ते स्वयंपाकघरातच. सकाळी नाचणीची आंबील, मधे अंडं नाहीतर हंसाबेनची सुखडी, दुपारी तांबडा भात, कुळथाची पिठी, पालेभाजी आणि लिंबू, रात्री भाकरी आणि बाजारात मिळेल तो मासा. चहा जेवणापासून लांब ढकलला, त्यावरून रोज कुरबुर. चमत्कार वगैरे काही झाला नाही. आधी तिची चिडचिड कमी झाली. मग ती जिना मधे न थांबता चढू लागली. एके सकाळी तिनंच खिडकीशी जाऊन आरशात पापणी ओढली आणि मला हाक मारली. आत फिकट गुलाबी रंग आला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त वाढतंय, पण अजून पुरेसं नाही, ताट असंच चालू ठेवा. देवाला काय विचारलंत ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

शेतीची कामं खोळंबली होती म्हणून मी परतले. भावजी चेंबूरपर्यंत सोडायला आले. गाडी सुटताना एवढंच म्हणाले, "ती आता मागून खाता."

घरी एकभुक्त चालू ठेवलं. मासळीच्या वासानं जीव कासावीस व्हायचा, पण ते सोसवतं. न सोसवणारं निराळंच होतं. विहिरीवर कळशी ओढताना हात थरथरायचे, डोळ्यांपुढे काजवे यायचे, साध्या बोलण्यावर मी शेजारणीच्या अंगावर जायचे. काही काम नसलेल्या दुपारीसुद्धा अंग थकलेलं असायचं. हे सगळं वसंतीनं पोटात जीव वाढवत, जिने चढत, तक्रार न करता केलं होतं, आणि मी तिला हट्टी समजले होते. देहाला नवस कळत नाही. आज काय आलं आणि काय आलं नाही एवढंच त्याला कळतं, आणि जे आलं नाही ते तो स्वतःतूनच काढून घेतो. देवाला माझा उपास हवा होता का, मला माहीत नाही. वसंतीला जेवता यावं म्हणून तो मला हवा होता, आणि तो मी पुन्हा करीन.

एका दुपारी पोस्टातून बोलावणं आलं, मुंबईचा ट्रंककॉल आहे म्हणून. मी अनवाणीच धावले. तारेतून खरखर येत होती आणि मला वाईटच सुचत होतं. वसंती हंसाबेनच्या घरून बोलत होती.

"आक्का, मुलगी झाली. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आत्ता हातातच आहे बघ माझ्या." मागे बारीक रडणं ऐकू येत होतं. मग ती म्हणाली, "आता तू दोन वेळा जेव गो."

मी घरी आले आणि रात्रीसाठी भात टाकला.