एक हात कमी

मी जर्मनीला निघाले त्या सकाळी माझी आई ग्रामसभेत होती. एक मे. झेंडावंदन झालं की आमच्या गावात ग्रामसभा, आणि त्या वर्षी आई सरपंच. विमान मुंबईहून होतं, त्यामुळे गावातून दहाच्या आत निघणं भाग होतं. भाड्याची जीप ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांपाशी थांबवली आणि वडील आत निरोप सांगायला गेले. पाच-सात मिनिटांनी आई बाहेर आली. ठरावाची वही हातात तशीच, बोट पानात अडकवलेलं. ना हातावर दही, ना ओवाळणं. डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तिथं गप बसू नको. आन् उगं भांडूबी नको. इचार." एवढं बोलून ती आत गेली, कारण पाण्याच्या टाकीचा विषय चालू होता आणि सभा मोडायला टपलेले चार जण आत बसले होते.

जीपमध्ये मी पुण्यापर्यंत रडले. दुःखाने कमी, रागाने जास्त. पुढे कित्येक वर्षं हा किस्सा मी जर्मनीत वोल्फ्सबुर्गच्या मराठी मंडळींना हसत हसत सांगायचे, पण त्यातला राग गेला नव्हता.

आईची गोष्ट थोडी सांगायला हवी. सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं म्हणून ती उभी राहिली, म्हणजे वडिलांनी तिला उभी केली. पहिलं वर्षभर लोक वडिलांनाच सरपंच म्हणत. शिक्का त्यांच्या शर्टाच्या खिशात असायचा आणि आई भाकऱ्या थापता थापता हात पुसून सह्या करायची. एक दिवस सही करण्याआधी तिने कागद वाचला. खालच्या आळीला ठरलेले नळ कागदावर वरच्या आळीला गेले होते. त्या दिवशी धुण्यात टाकायच्या शर्टातून तिने शिक्का काढून घेतला, तो परत दिला नाही. वडील चार दिवस जेवताना बोलले नाहीत. मग स्वतःच तिला सायकलवरून पंचायत समितीला सोडायला लागले.

तेव्हापासून आमच्या अंगणात रोज सकाळी लोक. कोणाचा दाखला, कोणाचा दिवा, कोणाची बांधावरची भांडणं. आधी चहा, मग काम. येणाराही रिकाम्या हाताने यायचा नाही. ओंजळभर घेवडा, दोन सीताफळं, काहीतरी असायचं. मी आणि दादा हे रोज बघायचो. रस्त्याची तक्रार घेऊन कोणी आलं की आईचा पहिला प्रश्न ठरलेला: "रस्ता कुणाचा हाय? पंचायतीचा, झेडपीचा का बांधकाम खात्याचा?" तिच्या पाच वर्षांतलं निम्मं आयुष्य या एका प्रश्नात गेलं.

दादा माझ्याआधी गेला, कॅनडाला, अल्बर्टात. ट्रॅक्टर आणि कंबाइन दुरुस्त करतो. त्याचा पत्ता एका म्युनिसिपल डिस्ट्रिक्टमधला आहे. नाव ऐकून आईला वाटलं, नगरपालिका असेल. तर तिथे नगर नाहीच. आपल्या दोन-तीन तालुक्यांएवढा मुलूख आणि माणसं आमच्या एका बाजारगावाएवढी. शेतं, खडीचे रस्ते, मैलामैलावर एक घर. या पसाऱ्याचे भाग पाडलेले, प्रत्येक भागातून एक कौन्सिलर, आणि दादाच्या डिस्ट्रिक्टमध्ये ते कौन्सिलर आपल्यातूनच एकाला प्रमुख निवडतात. त्याला म्हणतात रीव्ह. "मंजी सरपंच," आई फोनवर म्हणाली. दादा म्हणाला, हो, पण याचं अर्धं काम बर्फाचं. बर्फ पडला की कोणाच्या रस्त्यावर तो सारणारा ग्रेडर आधी जाणार यावरून तिथे निवडणुका जिंकतात आणि हरतात. कौन्सिलरचा मोबाइल नंबर शेतकऱ्यांना पाठ असतो. तो स्वतःच गहू पिकवणारा, कंबाइनवर बसून तक्रारी ऐकतो. हे ऐकून आई इतकी खूश झाली की दादा तिथेच राहिला तरी चालेल असं पहिल्यांदा तिच्या तोंडून निघालं.

मी मात्र वोल्फ्सबुर्गला आले आणि बरीच वर्षं कुठल्याच गावाची नव्हते. मोटारींचा कारखाना, घर, शनिवारची खरेदी, रविवारी सामसूम. डिझाइन डिपार्टमेंटमधले माझे सहकारी कामापुरते छान. निखिल, माझा नवरा, पुण्याच्या पेठेतला. त्याला शेजाऱ्याचं नाव माहीत नसणं ही मोठी सोय वाटायची. इरा झाली, भाड्याचा फ्लॅट अपुरा पडायला लागला आणि आम्ही वीस किलोमीटरवरच्या एका खेड्यात घर घेतलं. आठ-नऊशे वस्ती, एक चर्च, एक फायर ब्रिगेड, दुकान बंद पडलेलं. अशी पाच-सहा गावं मिळून एक सामटगेमाइन्डे, म्हणजे कचेरी सगळ्यांची एक आणि कौन्सिल प्रत्येकाचं वेगळं. आईला सांगितलं, तर म्हणाली, "ग्रुप ग्रामपंचायतीचंच भावंड. मला नको शिकवू."

इरा पाचवीत गेली आणि बसने शाळेत जायला लागली. बसचा थांबा मुख्य रस्त्याच्या पलीकडे. हिवाळ्यात सकाळी सातला मिट्ट काळोख, रस्त्याला तिथे दिवा नाही, आणि बीट काढणीच्या दिवसांत एकामागून एक बिटाने लादलेले ट्रक. एका नोव्हेंबरच्या सकाळी ट्रकच्या बाजूच्या कडीत अडकून इराचं दप्तर ओढलं गेलं. ती चरात पडली म्हणून वाचली. घरी आली तेव्हा मांडीपर्यंत चिखल आणि दप्तराचा एक पट्टा तुटलेला. मी मराठीत विचारत होते आणि ती नेहमीसारखी जर्मनमधून उत्तरं देत होती, "निश्ट्स पासिएर्ट, ममा," काही झालं नाही. तिचे दात वाजत होते.

त्या रविवारी मी जे केलं ते सरपंचाच्या घरातून आलेलीच करू जाणे. तीन दिवस गावात फिरून, थांब्यापाशी दिवा आणि पादचारी पट्टा मागणाऱ्या निवेदनावर सत्तावीस सह्या जमवल्या होत्या. दादाला विचारलं तर तो म्हणाला, "सरळ घरी जा की, फोन तरी कशाला?" म्हणून निवेदन घेतलं, रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून डबाभर बेसनाचे लाडू घेतले, आणि सकाळी दहाला गावच्या ब्युर्गरमाइस्टरच्या, म्हणजे इथल्या सरपंचाच्या, दारात उभी राहिले. हेर ल्यूडर्स, निवृत्त इलेक्ट्रिशियन. दार उघडलं ते घरच्या चपलांत. मी निवेदन पुढे केलं, मग डबा. त्यांनी डब्याकडे असं पाहिलं की माझ्याच लक्षात आलं. कामासाठी आलेली बाई, हातात कागद आणि वर भेटवस्तू, म्हणजे लाचच.

"फ्राउ शिंदे," ते म्हणाले, "आज रविवार आहे. आणि हे मला घेता येणार नाही." निवेदनही घेतलं नाही. गुरुवारी संध्याकाळी सातला कौन्सिलची सभा, सुरुवातीला रहिवाशांच्या प्रश्नांचा वेळ असतो, तिथे या. दार लागलं. मी डबा घेऊन सगळ्या गल्लीसमोरून परत आले, आणि निखिलने काही विचारायच्या आत मीच तीन लाडू खाल्ले. कानशिलं दुपारपर्यंत तापलेली होती.

पण गुरुवारी गेले. त्या गावात आमच्यासारखे आम्हीच, त्यामुळे हॉलमध्ये शिरल्यावर सगळे वळून बघणार हे ठाऊक होतं. लांब टेबलाला नऊ जण, आणि भिंतीकडेच्या खुर्च्यांवर मी एकटी. प्रश्न पाठ करून गेले होते. हेर ल्यूडर्सनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, रस्ता लांडक्राइसचा आहे, आम्ही त्याला त्सुश्टेंडिग नाही, म्हणजे हे काम आमच्या अखत्यारीत येत नाही.

खरं सांगते, जर्मनीत आल्यापासून मला इतकं ओळखीचं काही ऐकू आलं नव्हतं. लांडक्राइस म्हणजे आपली झेडपी. माझी भीती गेली. म्हटलं, रस्ता त्यांचा, मान्य. दिवा कोणाचा? टेबलाशी थोडी चुळबुळ झाली. दिवा गेमाइन्डेचा होता, म्हणजे त्यांचाच. आणि लांडक्राइसला वेग कमी करा, पादचारी पट्टा द्या, असं पत्र पाठवायचं तर ठराव कोणी करायचा? तोही यांनीच. टेबलाच्या टोकाला बसलेल्या फ्राउ बेरेन्स, शेती सांभाळणाऱ्या साठीच्या बाई, हसू दाबत होत्या.

दिवा पुढच्या हिवाळ्याआधी लागला. ठराव मात्र टेबलावर यायला वर्ष गेलं. मी प्रत्येक सभेला गेले आणि प्रत्येक वेळी एक प्रश्न विचारला, आल्झो, म्हणजे तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत. शेवटी विषय आला. एक जण म्हणाले, इथे आजवर काही झालेलं नाही. दुसरे म्हणाले, बिटाच्या दिवसांत तीसचा वेग परवडणार नाही. हात वर झाले. बाजूने चार, विरुद्ध पाच. मी भिंतीकडेच्या खुर्चीवर बसून हात मोजले आणि माझे दोन्ही हात मांडीवर होते. कर भरते, घर आहे, पोर या रस्त्यावर उभी राहते, आणि हात वर करायचा हक्क नाही. युरोपातल्या दुसऱ्या देशाच्या माणसाला इथे गावकीत मत देता येतं, भारतीय पासपोर्टवाल्याला नाही. बाहेर सायकलचं कुलूप उघडताना फ्राउ बेरेन्स जवळ आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "मग तुम्हाला आत यावं लागेल."

जर्मन नागरिक होऊन निवडणुकीला उभी राहते म्हटलं, तर निखिलला ते वेड वाटलं. एका पादचारी पट्ट्यासाठी नागरिकत्व सोडतं का कोणी? भारतात दोन पासपोर्ट चालत नाहीत, हे त्याने मला चारदा सांगितलं, जसं काही मला माहीतच नव्हतं. मी आईला फोन केला. सगळं सांगितलं.

"मंजी हितं आता तुला मत देता येनार न्हाय," ती म्हणाली.

"नाही."

"आजवर कदी आलीस द्यायला?"

तेरा वर्षांत मतदानाला म्हणून मी एकदाही गावी गेले नव्हते. आई स्वतः शेवटची निवडणूक थोडक्यात हरली, तेव्हासुद्धा मी फोनवर निकाल विचारला होता. तो विषय न काढता तिने विचारलं, "कुठल्या वार्डातनं उभी ऱ्हानार?"

परीक्षा दिली, कागद गोळा केले, वाट पाहिली. जर्मन पासपोर्ट मिळाल्यावर जुना पासपोर्ट हॅम्बुर्गच्या कॉन्सुलेटमध्ये नेऊन दिला. काही दिवसांनी तो रद्दचा शिक्का मारून परत आला. त्याला जोडलेल्या पहिल्या पासपोर्टात माझा पंचविशीतला फोटो, तेल लावून चापून बसवलेले केस. लोक समजावतात की पासपोर्ट म्हणजे फक्त कागद. मला तसं वाटलं नाही. काहीतरी खरंच गेलं होतं, आणि मी ते स्वतःच्या हाताने दिलं होतं. त्या संध्याकाळी भाजी फोडणीला टाकली आणि गॅस बंद करून खूप रडले. हे जे माझ्यासारखे निघाले त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय. निर्णय बरोबर असला तरी रडू येतं, आणि रडू आलं म्हणून निर्णय चुकत नाही.

फ्राउ बेरेन्सनी त्यांच्या बिनपक्षी यादीत मला आठव्या नंबरावर घेतलं. मी दारोदार गेले, पण शनिवारी; रविवारी अजिबात नाही, आणि रिकाम्या हाताने. एका म्हाताऱ्याने दार उघडून विचारलं, तुम्ही इथे किती दिवस राहणार? मी म्हटलं, घराचं छप्पर बदललंय, तेव्हा पुष्कळ. निवडून आले ते शेवटच्या जागेवर, अकरा मतांनी. दादाने अल्बर्टातून फोन करून "आता रीव्ह कधी?" असं चिडवलं. आईने गल्लीत पेढे वाटले आणि प्रत्येकाला कुठल्या ग्रुप ग्रामपंचायतीत ते सविस्तर सांगितलं, असं शेजारच्या वहिनी म्हणाल्या.

ठराव पुन्हा आणायला चार महिने लागले. ज्या संध्याकाळी तो होता, नेमका त्याच संध्याकाळी इराच्या शाळेत तिचा व्हायोलिनचा कार्यक्रम होता. मी सभेला गेले. बाजूने पाच, विरुद्ध चार. पाचवा हात माझा होता. इराने तीन दिवस अबोला धरला. तिला समजावत बसले नाही. अशा रागाला किती वर्षं लागतात ते मला माहीत आहे. पण आईला त्या रात्री मेसेज केला की माझाही टाकीचा विषय मार्गी लागला. तिने फक्त जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं.

पत्र लांडक्राइसकडे गेलंय. मोजणी करू, मग बघू, असं उत्तर आलंय. इरा अजून पट्ट्याविनाच रस्ता ओलांडते, निदान दिव्याच्या उजेडात. मी दर पंधरा दिवसांनी फोन करते आणि तिथला माणूस माझा आवाज ओळखतो. पट्टा होईपर्यंत मी सोडणार नाही, हे त्यालाही कळून चुकलं असावं.

गेल्या आठवड्यात बेकरीच्या गाडीपुढे रांगेत उभी होते. मागून एक गृहस्थ, ज्यांनी कधी मला साधं गुड मॉर्निंग म्हटलं नव्हतं, जोरात म्हणाले, "फ्राउ शिंदे, दफनभूमीमागचं गटार तीन आठवडे तुंबलंय. तुम्ही लोक करता तरी काय?" रांगेतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. इतकी वर्षं या देशात "तुम्ही लोक" म्हणजे आम्ही भारतीय होतो. त्या सकाळी "तुम्ही लोक" म्हणजे ते नऊ जण, आणि त्यात मी. ते गृहस्थ चांगलेच चिडले होते आणि मला इतका आनंद झाला होता की चेहरा गंभीर ठेवताना नाकी नऊ आले.

घर कुठे, असं आता कोणी विचारलं तर मी फार विचार करत नाही. जिथल्या तुंबलेल्या गटारावरून लोक मला बोलू शकतात, ते माझं गाव. दुसऱ्या दिवशी गमबूट घालून मी ते गटार बघायला गेले.