आबांचं ‘हो’ की ‘नाही’

आधी माफी मागतो. आमच्या घरात साधं पत्र लिहिणारंही कुणी नव्हतं, आणि मी आठवणी लिहायला बसलोय. चुकलं तर मुठा खोऱ्यातल्या आपल्या माणसांनी आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनी सांभाळून घ्यावं.

निघालो त्या सकाळी माझे वडील, आबा, दारात खुर्चीवर होते. पिरंगुटच्या कारखान्यात मशीन चालवलेला माणूस. पक्षाघातानं हातपाय आणि बोलणं नेलं होतं. ऐकलेलं सगळं समजायचं. मानही हलायची, पण ‘हो’ला आणि ‘नाही’ला सारखीच. मला त्यांना एवढंच विचारायचं होतं, की मी चेन्नईला जाऊ का? बॅग धरून तसाच उभा राहिलो.

आई म्हणाली, “जा की आता. हितं बसून काय त्यांच्या डोक्यात शिरणार हायेस व्हय?”

खरं तर तेच शिकायला मी चाललो होतो. डोक्यावर मेंदूच्या लहरी टिपणारी इलेक्ट्रोडची टोपी घालायची. उजवा हात हलवतोय असं मनात आणलं की ‘हो’, डावा आणला की ‘नाही’. शेकडो वेळा पाहून संगणकातलं डीप लर्निंगचं मॉडेल त्या लहरींतला फरक ओळखू लागतं. पण एका मेंदूवर शिकलेलं मॉडेल दुसऱ्यावर तसंच चालेल असं नसतं. आबांसाठी आबांच्याच लहरी हव्या होत्या.

म्हणून दिवाळीत चेन्नईच्या प्रयोगशाळेतल्या सरांना विचारून टोपी घरी आणली. स्क्रीनवर नुसती खरखर. तासभर वायरी तपासल्या. मग आबांच्या केसांत बोट घातलं, तर तेलानं निथळलं. तेलातून लहरी इलेक्ट्रोडपर्यंत पोचतच नव्हत्या.

“वाटीभर खोबरेल जिरवलंय,” आई कौतुकानं म्हणाली. “एवढं मशीन डोक्यावर ठिवणार. उष्णता नगं व्हायला.”

“तुला काय कळतंय त्यातलं?” मी ओरडलो. शेजारचे बघत होते.

“न्हाई कळत, बाबा. म्हून तर तुला शिकिवला.”

केस धुऊन होईपर्यंत आबा थकून झोपले. दुसऱ्या दिवशी माझी गाडी होती. “पुढच्या सुट्टीत नक्की,” मी म्हणालो. त्यांची मान हलली.

दीड महिन्यानं प्रयोगशाळेत एक बाई आल्या. तीन वर्षं त्या बोलल्या नव्हत्या. मुलानं विचारलं, “अम्मा, कॉफी?” स्क्रीनवर ‘हो’ उमटलं. खात्रीसाठी पाच वेळा विचारलं, पाचही वेळा ‘हो’. मुलगा हसत रडत होता. मला घरी फोन करायची घाई झाली. जमतंय, आई, आपल्या आबांनाही जमेल.

प्रयोगाच्या खोलीत मोबाइल नेत नाहीत, लहरींत गडबड नको म्हणून. सकाळी बाहेरच्या कपाटात ठेवलेला संध्याकाळी काढला, तर धाकट्या बहिणीचे, सुनीताचे, कितीतरी मिस्ड कॉल. मी लावला.

“दादा, कुटं हायेस? सकाळपास्नं लावतीय.” तिचा आवाज बसला होता. “आबा गेले. चार वाजेपातूर तुझी वाट बघितली, मग लोक म्हणाले, आता ठिवता येनार न्हाई. आमी आत्ताच आलोय नदीवरनं.”

“लगेच निघतो,” मी म्हणालो.

“आई म्हणती, सावकाश ये. आता कायी घाई न्हाई.”