टोर्फहाउसचा चढ

वोल्फ्सबुर्ग या जर्मन शहरात आलेल्या मराठी बायकांपैकी काही शिकवण्या घेऊ लागल्या, काही ऑफिसात लागल्या. कुंदा रणदिवे ट्रक चालवू लागली. साताऱ्यात असताना तिने लूनापलीकडे काही चालवलं नव्हतं. नवरा जयंत इथल्या मोटार कारखान्यात इंजिनांवर काम करायचा. मुलगा तनय शिकायला दूर गार्चिंगला गेला, घर खायला उठू लागलं, तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या कुंदाने ट्रकचं लायसन्स काढलं. शहराबाहेरच्या एका हॅचरीत तिला काम मिळालं. नुकतीच अंड्यातून बाहेर आलेली कोंबडीची पिल्लं शेतांवर पोचवायची.

जयंतला ते रुचलं नव्हतं. कोणी विचारलं की तो म्हणायचा, "लॉजिस्टिक्समध्ये आहे." कुंदा शेजारी असली तर लगेच म्हणायची, "ट्रक चालवते."

२००९ च्या जानेवारीत थंडीने कहर केला. त्या सकाळी ती हार्त्सच्या डोंगरापलीकडच्या एका शेतावर निघाली तेव्हा पारा उणे अठरावर होता. मागच्या पेटीत खोक्यांच्या थप्प्या होत्या आणि त्यात हजारो पिल्लं. पेटीला ऊब द्यायला डिझेलवर चालणारा एक हीटर होता. तो कमी पडला तर इंजिनचं गरम पाणी पेटीतून फिरायचं.

ब्राउनश्वाइग शहर मागे पडलं आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला. हीटर बंद. तिने गाडी बाजूला घेऊन तो पुन्हा चालू करून पाहिला. घरघरला आणि मेला.

आता भिस्त इंजिनवर. पण सपाट रस्त्यावर, हलक्या ओझ्याने, समोरून बर्फाळ वारा येत असताना इंजिनच तापेना. पाण्याचा काटा खाली सरकत होता, पेटीचं तापमान त्याच्यामागून. पिल्लांचा चिवचिवाट वाढला. थंडी लागली की ती ओरडतात, हे तिला माहीत होतं. ओरडायची थांबली, तर मात्र संपलं.

तिने जयंतला फोन लावला.

"परत फीर," तो म्हणाला.

"परतेपर्यंतही पिल्लं गारठतील. रेडिएटरपुढची जाळी पुठ्ठ्यांनी झाकली तर?"

"चालेल. पण सगळी झाकू नकोस, मधे फट ठेव, हवा आत गेलीच पाहिजे. आणि कुंदा, चढावर तेच पुठ्ठे इंजिन जाळतील. हार्त्स टाळ, वळसा घे."

"वळसा घेतला तर पिल्लं टिकणार नाहीत."

"तू टिकशील का, ते बघ आधी!" तो ओरडला. एवढ्या वर्षांत असा आवाज तिने ऐकला नव्हता.

तिने जादा खोक्यांचे पुठ्ठे कापले आणि प्लास्टिकच्या केबल टायने जाळीला बांधले, दोन्ही बाजूंनी, मधे हाताच्या रुंदीची फट ठेवून. टाय ओढायला हातमोजे काढावे लागले. धातूला चिकटलेलं बोट सोडवताना सालपट निघालं. गाडी चालू झाली आणि थोड्याच वेळात काटा वर यायला लागला. पेटीही सावरली. चिवचिवाट मंदावला तशी तिने पेटीच्या तापमानाचा आकडा पाहिला, ठीक होता.

बाड हार्त्सबुर्गनंतर टोर्फहाउसचा चढ सुरू झाला. मघाशी वर येईना तो काटा आता थांबेना. दोन्ही बाजूंना बर्फाने लगडलेले स्प्रूस वृक्ष, मागे गाड्यांची रांग, थांबायला जागा नाही. काटा लाल पट्ट्याला टेकला. इंजिनची उष्णता खेचून घ्यायला कुंदाने केबिनचा हीटर पुरता उघडला. गरम वाफारा तोंडावर येऊ लागला, तिला घाम फुटला. पार्कप्लात्झची, गाड्या थांबवायच्या जागेची, पाटी दिसताच तिने गाडी आत घातली, उडी मारली आणि एका बाजूचा पुठ्ठा फाडून काढला. इंजिन बंद केलं नाही. बंद केलं तर पेटीची ऊबही बंद.

काटा हळूहळू उतरला. पण निघताना मागची चाकं बर्फावर गरगरली आणि ट्रक आडवा सरकून कडेच्या कठड्याकडे गेला. तिने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, ट्रक मागे घेतला, पुन्हा पुढे घातला. तिसऱ्या खेपेला टायरने पकड घेतली.

ब्राउनलागेनंतरच्या उतारावर इंजिन पुन्हा गार पडलं. फाडलेला पुठ्ठा तिने सीटशेजारी टाकला होता. तो पुन्हा बांधायला ती थांबली. आणि थांबल्यावर लक्षात आलं, मागून आवाज येत नव्हता. काहीच नाही. दार उघडून बघावं तर उरलीसुरली ऊब जाईल. तिने पेटीच्या पत्र्याला कान लावला. वारा, इंजिन, आणि खूप आतून एक बारीकशी चिवचिव.

शेतावर मालकीण फ्राऊ ब्रांट कोंबड्यांच्या उबदार शेडचं दार उघडून उभ्या होत्या. दोघींनी धावत खोकी उतरवली. दाराजवळच्या थप्पीतली पिल्लं एकमेकांवर चढून निपचित पडली होती. त्यातली फार थोडी हलली. बाकीच्या थप्प्यांतली पिल्लं उबेच्या दिव्याखाली ठेवली तशी आधी गुमसुम बसली, मग एकेक पिल्लू पाणी शोधू लागलं. फ्राऊ ब्रांट मेलेली बाजूला काढत होत्या. "खरं सांगते," त्या म्हणाल्या, "एवढ्या थंडीत मी सगळीच गेली असं धरून चालले होते. तुम्ही एवढी वाचवलीत!"

कुंदाला ते कौतुक सोसलं नाही. ती त्या थप्पीपाशी बसून राहिली, रक्ताळलेलं बोट मांडीत धरून.

मग तिने पुन्हा जयंतला फोन लावला.

"पोचले."

"पिल्लं?"

"दाराजवळची गेली. माझ्याच हातून."

"हीटर बंद पडला, तुझा हात नाही," जयंत म्हणाला. "तिथेच थांब. मी बसने निघालोय. परतताना ट्रक मी चालवत नाही हं, शेजारी बसेन फक्त."