मोटारीचं कुंकू

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही — आणि तिच्यापासून मला साधी तंबाखूची पुडी लपवता आलेली नाही, म्हणजे बघा!

सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात ऊस कुटणाऱ्या यंत्राची मोटार माझ्या ताब्यात होती. मोटार कसली, हत्तीणच ती! तिच्या शाफ्टवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, पोलादी हब — जाड कडंच ते — तापवून बसवतात. गार झाला की तो शाफ्टला करकचून आवळतो. एका दुरुस्तीत हब अर्ध्यातच अडला. सगळे बघत होते. आणि मी — मेढा गावचा हुशार इंजिनियर ना! — पॉलिश पेपरनं शाफ्ट घासला, घासला... हब अलगद आत. टाळ्या पडल्या. जे घट्ट बसायचं ते अलगद बसलं, त्याला टाळ्या कसल्या? मी तर वाकून नमस्कारही केला.

ऐन हंगामात सफाईसाठी मोटार थांबली, हबवरची जाळी निघाली — आणि हबच्या कडेला लालसर भुकटी! ढिला हब शाफ्टवर केसभर घासत राहिला की लोखंड असं पीठ सोडतं, आणि आत चीर धरते. मला बघताक्षणी कळलं. चीफसाहेबांनी विचारलं, हे काय? आणि मी — कसं सांगू — म्हणालो, "नानांचं कुंकू."

नाना आमचे वायरमन, रहिमतपूरचे. दर अमावास्येला नारळ फोडून मोटारीला हळदकुंकू वाहायचा मान त्यांचा. तो मान त्या दिवशी गेला. "लांबनं लावतो की वो सायेब," एवढंच म्हणाले.

पुढं दर सफाईला मी गुपचूप भुकटी पुसली. चालू मोटारीचा शाफ्ट तुटला असता तर? — पुसत राहिलो. हंगाम संपल्यावर हब काढला, चीर नखाएवढीच! आनंदानं पेढे वाटले. कशाचे? पुतण्या पास झाला म्हणालो. मला पुतण्या नाही. नानांनी पेढा दोन्ही हातांनी घेतला.

परवाच्या दसऱ्याला निवृत्त नानांकडे गेलो होतो. विहिरीच्या मोटारीला त्यांनी झेंडू वाहिला, हळद लावली, आणि थांबले.

"आवं, कुंकू लावा की!" काकू कडाडल्या. "तिला काय उघड्या कपाळाची ठेवताय व्हय?"

"न्हाई गं, मोटारीला सोसत न्हाई. माज्या कुंकवानं एक लय मोठी आजारी पडली हुती."

ते कुंकू नव्हतं. माझ्या हातचा गंज होता. नाना पुढ्यात जेवायला बसले होते, आणि मी बासुंदी फक्कड झालीय म्हणालो.