खडखडीसकट

आमच्या दाजींच्या हिशेबी जगात दोनच प्रकारची माणसं आहेत: कॅसेट ऐकणारी आणि बहिरी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. त्यांचं आयुष्य सीमाभागातल्या वडगावात साड्या विणण्यात गेलं, आधी घरातल्या हातमागावर आणि मग पावरलूमवर. त्या पावरलूमनं त्यांचा उजवा कान जवळजवळ निकामी केला. मग तुम्ही स्वतः कुठल्या प्रकारात बसता, असं मी एकदा विचारलं. "डावा हाय की अजून," म्हणाले आणि मान वळवून तो टेपकडं केला.

त्यांच्या घरी गाणं ऐकणं हे देवकार्यासारखं असतं. आधी पंखा बंद, मग फ्रीजचं बटण बंद. पाहुणे घामानं निथळत असले तरी ॲम्प्लिफायर तापल्याशिवाय कॅसेट लागत नाही. "जरा ऊब येऊ दे. थंड्या अंगानं कोण गातंय?" मग कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून टेपचं हेड पुसायचं, सुई टोचण्याआधी नर्स दंड पुसते तसं. नव्या चपला-बुटांच्या खोक्यातल्या पांढऱ्या पुड्या फेकायच्या नाहीत, दाजींना आणून द्यायच्या, हा आमच्या सगळ्या नातलगांना हुकूम आहे. कॅसेटना ओल लागू नये म्हणून. लग्नाला गेले की नवरानवरीच्या आधी ते साउंड बॉक्सकडं जातात, ताप बघावा तसा त्यावर तळहात ठेवतात आणि माझ्याकडं बघून खिन्नपणे मान हलवतात. "डिजिटल," म्हणतात. आता काही उपाय नाही, अशा सुरात.

डिजिटल का वाईट, हे ते विणकराच्या पद्धतीनं समजावतात. साडीच्या काठाचं फूल आधी चौकटीच्या कागदावर काढतात. "लांबनं बघितलं तर फूल. जवळ जा, नुसत्या पायऱ्या. तुमचं डिजिटल म्हंजे तो कागद. टेप म्हंजे सूत, कुठं तुटत न्हाय."

"पण दाजी, साडीवरच्या फुलालाही पायऱ्या असतातच की," मी म्हटलं. "नेसणारी कधी मोजते काय?"

"तू आक्कावर गेलीयास," एवढंच उत्तर आलं. आमच्या घरात ही स्तुती समजतात की नाही, ते अजून ठरायचं आहे.

एकदा मी त्यांची परीक्षाच घेतली. टेप आणि माझा फोन त्यांच्याच ॲम्प्लिफायरला जोडले, वर साडी टाकली आणि एकच गाणं दोन्हींवर लावलं. दाजी डोळे मिटून ऐकत होते. दुसरं ऐकून गुडघ्यावर थाप मारली. "हे बघ! ह्याला म्हंत्यात कॅसेट!" मी साडी ओढली. वाजत होता फोन. दाजींनी फोन उलटासुलटा करून बघितला. मग म्हणाले, "माझ्या ॲम्प्लिफायरच्या संगतीनं सुधारला त्यो."

कानाच्या डॉक्टरांनी यंत्र लावायला सांगितलं, तर पहिला प्रश्न, "डिजिटल हाय काय?" डॉक्टर कौतुकानं हो म्हणाले, आणि दाजी चपला घालून बाहेर. त्यानंतर रस्त्यावर हॉर्न ऐकू येत नाही म्हणून आम्ही त्यांची सायकल काढून घेतली, पण तत्त्व काही सुटलं नाही.

या सगळ्या कॅसेटमध्ये एक भजनाची. फार वर्षांपूर्वी दाजींच्या घरी गल्लीतलं भजनी मंडळ बसलं होतं; दाजी त्यात गायले आणि त्यांनीच ते टेप केलं. आक्काला दुसऱ्या दिवशी साडी द्यायची होती, म्हणून ती आतल्या खोलीत विणत राहिली. साऱ्या भजनामागं तिच्या हातमागाची खट्ट-खटक ऐकू येते. "लई नासवलंस बघ रेकॉर्डिंग," असं दाजी तिला पुढं कितीतरी वर्षं ऐकवायचे, आणि ती म्हणायची, "साडीचं गिऱ्हाईक आलतं. भजनाचं कोण आलतं काय?"

आक्का गेल्यावर दाजी तीच कॅसेट लावायला लागले. तिचा आवाज कुठंच रेकॉर्ड केलेला नव्हता. आम्हा बहिणींना फोटोसुद्धा धड काढून घेता येत नाहीत.

गेल्या वर्षी ती कॅसेट किंचाळायला लागली. टेप जागोजागी सुरकुतली होती. मी माझ्या घरून, हिंडलग्याहून स्कूटरवर आले आणि त्यांना मागं बसवून खासबागेतल्या, जुन्या कॅसेट डिजिटल करून देणाऱ्या एका दुकानात घेऊन गेले. दाजींनी कॅसेट दुकानदाराच्या हातात दिली ती लेकीला सासरी पाठवल्यासारखी. वर ऐट होतीच. "तुझ्या डिजिटलची काय ताकद असंल ती सगळी लाव. मागनं म्हणू नको, कमी पडलं म्हणून."

आठवड्यानं आम्ही ऐकायला गेलो. खरं सांगते, मी थक्क झाले. टाळ लखलखीत, पेटी स्वच्छ, दाजींचा तरुण आवाज काल गायल्यासारखा. मी विजयानं दाजींकडं पाहिलं. ते डावा कान पुढं करून काहीतरी शोधत होते.

"ती कुठं गेली?" ते म्हणाले.

"कोण, आप्पा?" दुकानदार बिचारा खुशीत होता. "मागं लई खडखड होती. सगळी काढली बघा. लई कष्ट पडले."

दाजींनी काउंटर धरला. "कॅसेट दे माझी."

दुकानदाराचा चेहरा उतरला. "आप्पा, ती शेवटाला तुटली. चिकटवलीय, पण आता परत लावली तर ऱ्हाणार न्हाय."

अशा वेळी कुणीतरी कामाचं बोलावं लागतं. "साफ करायच्या आधीचं ठेवलंय काय तुम्ही?" मी विचारलं. तो कॉम्प्युटरमध्ये शोधू लागला. दाजी उभे होते. बाहेर रिक्षावाले कन्नडमध्ये भांडत होते, ते सगळं मला उगाच नीट ऐकू येत होतं.

"हाय, हाय," तो म्हणाला. "पण मॅडम, घाण हाय ते."

"घाणच लावा."

सूं-सूं झाली, टाळ आले, आणि त्यामागून खट्ट-खटक, खट्ट-खटक. थोड्या वेळानं माग एकदम थांबला. भजन चालू राहिलं, माग नाही. मी दुकानदाराकडं रागानं बघितलं. दाजींनी हात वर केला.

"थांब. तिथं धागा तुटलाय. गाठ मारालीय ती."

आम्ही तिघंही थांबलो. मग पुन्हा खट्ट-खटक, थोडी घाईनं, टाळाला गाठत.

दाजींनी नंतर कानाचं तेच डिजिटल यंत्र घेतलं. "ती तिकडं ऱ्हायला गेली म्हटल्यावर," एवढंच कारण दिलं. तरी तक्रार आहेच. "टेपवर तिचा हात जड होता. ह्यात हलका लागतोय." मी आता वाद घालत नाही. मला त्यातलं कळत नाही आणि वेळही नसतो. सकाळी भाजी चिरताना मी ते भजन फोनवर लावते, एवढंच. माग थांबतो तिथं माझा विळीवरचा हातही थांबतो, आणि आक्काची गाठ मारून झाल्याशिवाय पुढं चालत नाही.