केंबूत का भारद्वाज?

शिव्या मेला आज.

"निधन झालं", "लिंगैक्य झाला" असलं काही लिहिलं तर शिव्या उठून शिव्या देईल. म्हणून सरळ लिहिलं.

इमर्जन्सीच्या आसपासची गोष्ट सांगतो.

आम्ही दोघंबी मॅट्रिक नापास. तो मामाच्या फोटो स्टुडिओत डार्करूमला, मी त्याच्या शेजारी स्टुलावर. काम काही नाही, नुसता टाइमपास.

लग्नाच्या रोलात शेवटी एक-दोन फोटो उरायचे. ते घेऊन आम्ही सरकारी दवाखान्यामागच्या बागेत. साळुंकी, बुलबुल, तांबट, जे बसंल ते.

एकदा एका नवरीच्या अल्बमात हळदीनंतर डायरेक्ट साळुंकी आली. मामानं दोघांना लई धुतलं.

पुस्तक-बिस्तक नव्हतं. ज्याच्या घरात जे म्हणतील ते पाखराचं नाव. मी साळुंकी म्हणायचो. शिव्याचं घर कन्नड, तो गोरवंक म्हणायचा. भांडण मिटायचं नाही.

मग एका सकाळी त्याच्या अप्पांना त्याच दवाखान्यात आणलं. हर्निया अडकलेला. डॉक्टर म्हणाले, दुपारच्या आत ऑपरेशन, नाहीतर आतडं सडेल.

शिव्याची आई, आमची अव्वा, खिडकीला चिकटून उभी.

मागच्या झाडीतून आवाज येत होता.

हूप. हूप. हूप.

रिकाम्या घागरीत तोंड घालून कुणीतरी हाक मारल्यासारखा.

"केंबूत हाय ते," अव्वा म्हणाली. "माझा बाप गेला तवा परसात असंच बोलत होतं. ऑपरेशन बेडा. नको म्हंजे नको."

कन्नडमध्ये कें म्हंजे तांबडं. पुढचं भूत मला न सांगता कळलं.

अंगावर काटा आला. पण माझं तोंड गप बसतंय व्हय?

"केंबूत कुठलं अव्वा? भारद्वाज असंल. दिसला की काम फत्ते! परीक्षेला जाताना आई मुद्दाम दाखवायची मला."

"म्हणून दोनदा नापास झालास व्हय बे?" शिव्या म्हणाला.

अव्वा हसली नाही. "दाखव," म्हणाली.

भारद्वाज मी बघितलेला. त्याचा आवाज कसला असतो, ढेकळं माहीत होतं मला. थाप मारली होती.

शिव्यानं पळत जाऊन स्टुडिओतला कॅमेरा आणला. रोलात एकच फोटो शिल्लक.

आम्ही झाडीत शिरलो आणि आवाज थांबला. साळुंक्याबी गप्प.

वाळल्या पाल्यावरून काहीतरी येत होतं. उडत नव्हतं. चालत होतं, सावकाश, म्हाताऱ्या माणसासारखं.

काळं अंग. विटकरी पंख. लालभडक डोळा, सरळ शिव्यावर.

"काढ की बे!"

खट्.

मी तर उड्याच मारल्या. थाप खरी निघाली! भारद्वाजच होता.

डार्करूममधून ओला प्रिंट घेऊन दवाखान्यात पळालो. ब्लॅक अँड व्हाइट. विटकरी पंखबी काळेच आलेले. डोळा तेवढा चमकत होता.

शेजारच्या खाटेजवळ बार्शीकडची एक म्हातारी बसलेली. तिनं वाकून बघितलं आणि फोटोलाच हात जोडले. "भारद्वाज गं बया! भाग्याची हाईस."

अव्वानं तोच फोटो बघितला आणि तोंडाला पदर लावला.

"हेच. हेच केंबूत."

एकच पाखरू.

"अव्वा, लई शुभ असतो तो!"

"तुमच्यात असंल तम्मा. माझा नवरा कन्नड हाय."

 

तिकडं अप्पा कण्हायचे थांबले होते. ते कण्हण्यापेक्षा वाईट.

नर्स संमतीचा कागद घेऊन उभी. शिव्यानं फोटो पालथा ठेवला, पेन मागितलं. नापास व्हायचा एवढाच फायदा, अठरा पूर्ण झाले होते.

अव्वानं त्याचं मनगट धरलं. "त्यानं बोलावलंय म्हंजे कुणाला तरी नेणारच. सही केलीस तर तुझं नाव जाईल तिकडं."

"जाऊ दे की," शिव्या म्हणाला.

आणि केली.

अप्पा वाचले. मिशीला कलप लावून फिरले, नातवंडं खेळवली.

पण अव्वाची भीती काय गेली नाही. अप्पांवरून उठली आणि शिव्यावर जाऊन बसली. दर अमावस्येला त्याच्यावरून नारळ उतरवायची. त्याला साधा ताप आला तरी घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. तो हसायचा, चेष्टा करायचा. बागेकडच्या रस्त्यानं मात्र परत कधी गेला नाही.

मरायच्या आदल्या दिवशी अव्वानं मला जवळ बोलावलं. "ते शिव्याला विसरलं असंल का रे?"

"कवाच विसरलं," मी म्हणालो.

आज सकाळी शिव्या चहा पिता पिता गेला. हार्ट.

फोन आला तेव्हा पहिला विचार काय आला, ते इथं लिहीत नाही.

अव्वा, इतकी वर्षं कुठलं पाखरू थांबत नसतं. वय झालं होतं त्याचं.

असं म्हणतोय खरं.

शिव्या, सही करताना तुझा हात हलला नव्हता बे. मी बघितलंय.

जा. नीट जा.